पेगीचा काळा पट्टा

"पट्टा काढावा लागेल," मी म्हणाले.

"मग राहिलं काय?" पेगी म्हणाली. "पट्टा काढलास तर ती नुसती लाल प्लेट. पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात वाटेल."

आमच्या दोघींच्या मधे टेबलावर एक नंबर प्लेट पडली होती. अॅल्युमिनियमची, सॅम्पल म्हणून बनवलेली. डावीकडे फायरफायटरचं हेल्मेट, आणि वरच्या कोपऱ्यातून निघून नंबराच्या मागून खालच्या कोपऱ्यात जाणारा तिरपा काळा पट्टा. प्लेट देखणी होती, हे मी मान्य करते. पण देखण्या प्लेट पास करण्याचा पगार मला मिळत नव्हता.

मी तेव्हा अमेरिकेतल्या एका राज्याच्या मोटार वाहन खात्यात प्लेट इंजिनिअर होते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी नवीन मुलगा विचारायचा, "वर्षामावशी, तुम्ही नक्की काय करता?" मी सांगायची, "नंबर प्लेट." त्याच्या डावीकडे हार्टचे डॉक्टर, उजवीकडे चिप डिझाइन करणारे काका. तो बिचारा मला सावरून घेत म्हणायचा, "म्हणजे, त्याचं सॉफ्टवेअर ना?" "नाही रे बाबा, पत्रा."

अमेरिकेत साध्या प्लेटऐवजी स्पेशल प्लेट घेता येते. कुणाला कॉलेजच्या नावाची हवी असते, कुणाला तळ्यातल्या माशाची, कुणाला माजी सैनिकांची. नवीन प्लेट आणायची तर विधानसभेत बिल मांडावं लागतं. मग आमच्या खात्याला सेफ्टी रिपोर्ट द्यावा लागतो, की ही प्लेट रस्त्यावर वाचता येते. तो रिपोर्ट माझ्या टेबलावरून जायचा. त्यामुळे मासेवाले, कॉलेजवाले, सगळे माझ्यावर खार खाऊन असायचे.

पेगीची प्लेट ड्यूटीवर मरण पावलेल्या फायरफायटर्सच्या स्मरणासाठी होती. तिचा मुलगा टिम त्यांच्यातलाच एक. इथल्या छोट्या गावांमध्ये पगारी अग्निशमन दल नसतं. गावातलेच लोक आपापली कामं सांभाळून ते करतात. टिम टायरच्या दुकानात कामाला होता. एका धान्याच्या कोठाराला आग लागली, हा आत गेला आणि वरून छत कोसळलं. पेगी त्याच गावात शाळेची बस चालवते. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

पट्ट्यामागे एक प्रथा आहे. सोबती गेला की फायरफायटर छातीवरच्या बिल्ल्यावर आडवी काळी पट्टी चढवतात. पट्टी नसेल तर बिल्ला नुसता नोकरीचा. पट्टी असेल तर कुणीतरी गेलंय. पेगीचं म्हणणं बरोबर होतं, पट्ट्याशिवाय त्या प्लेटला अर्थच नव्हता.

"चल, तुला दाखवते," म्हणून मी तिला लॅबमध्ये नेलं.

नंबर प्लेटवर एक फिल्म असते. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी असतात. उजेड पडला की ते तो आला त्याच दिशेला परत फेकतात, म्हणून प्लेट चमकते आणि काळे आकडे उठून दिसतात. पोलिसांच्या गाडीवरचा कॅमेरा याच्याच जोरावर प्लेट वाचतो. मी सॅम्पल स्टँडवर लावलं, कॅमेरा चालू केला. स्क्रीनवर पहिला आकडा दिसला आणि शेवटचा दिसला. मधले पट्ट्यात गडप. काळ्यावर काळं, दुसरं काय होणार?

पेगीनं स्क्रीनवरच्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे नंबर पुसायचा की टिमला पुसायचं, असा प्रश्न आहे," ती म्हणाली.

मलाही मुलगी आहे.

माझा बॉस डग याला मात्र यात प्रश्नच दिसला नाही. "फेल झाली ना? रिजेक्ट कर. सिंपल."

"तिरपा पट्टा फेल झालाय, डग. पट्टा फेल झालेला नाही."

"वर्षा, मार्चमध्ये कमिटी बसतेय. बिल मांडणारे सिनेटर यंदा रिटायर होतायत. आता राहिलं तर ते बिल परत कुणी हाती घेणार नाही. उगाच त्या बाईला आशा लावू नकोस."

"म्हणजे मार्चपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले. डगनं कपाळाला हात लावला.

इथे मी एक घोळ घातला, तो सांगून टाकते. तिरपा पट्टा जमत नाही, तर तो आडवा करायचा, एवढं सरळ होतं. नंबराच्या वर किंवा नंबराच्या खाली. खाली जागा भरपूर होती. पण माझं मन खाली घ्यायला तयारच होईना. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्या मिठाचा आणि बर्फाचा राखाडी चिखल होतो, आणि तो सगळा चाकांवरून उडून प्लेटच्या खालच्या भागावर बसतो. गेलेल्या माणसाची खूण आणि तिच्यावर चिखल? आमच्या नागपूरच्या घरात वर्तमानपत्राला पाय लागला तर आई नमस्कार करायला लावायची. माझा हात त्या ड्रॉइंगमध्ये पट्टा खाली ओढायला धजेना. नवरा म्हणाला, "अगं, ती प्लेट आहे. देव्हारा नाही." मी म्हणाले, "श्रीकांत, तू तुझं जेव."

तर मी पट्टा आणि हेल्मेट दोन्ही वर घेतलं. पेगीला पाठवलं, तिलाही आवडलं. मग प्लेट बनवणाऱ्या फॅक्टरीतून फोन आला. सुपरवायझर फार सभ्य माणूस.

"मॅडम, वर स्क्रूची भोकं असतात."

"माहितीये मला. मी इंजिनिअर आहे."

"मग स्क्रू हेल्मेटच्या बरोबर मधोमध जातोय, हेही माहीत असेल."

अरे देवा! आयुष्य प्लेटमध्ये घालवलं आणि भक्तीच्या भरात भोकं विसरले. पेगीला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "वर्षा, माझ्या मुलाच्या डोक्यावर छत पडलं. आता तू स्क्रूही मारतेस का?" आणि ती हसायला लागली. मला आधी रडायला आलं आणि मग मीही हसले. त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी झालो, असं म्हणायला हरकत नाही.

पट्टा खाली आला, हेल्मेटही. कॅमेऱ्यानं नंबर खणखणीत वाचला. मला वाटलं, सुटलो.

मग हायवे पोलिसांचा सार्जंट नेल्सन आला. आमच्या प्रत्येक रिपोर्टवर पोलिसांचीही सही लागते. उंच, कोरडा, कधीही न हसणारा माणूस. त्यानं प्लेट हातात घेतली आणि तळहात आडवा धरून पट्ट्याचा अख्खा खालचा भाग झाकला.

"आता ही कुठली प्लेट आहे?"

"झाकल्यावर कसं कळेल?"

"जानेवारीत चिखल हेच करणार, मॅडम."

त्याचा मुद्दा असा. आमच्या राज्यात साध्या प्लेटवर जो नंबर असतो, तोच नंबर स्पेशल प्लेटवरही असू शकतो. फरक फक्त प्लेटच्या प्रकारात. कॅमेऱ्याला लाल रंग दिसत नाही, म्हणून पेगीच्या प्लेटचा प्रकार ओळखायचा तो त्या पट्ट्यावरून. पट्टा चिखलानं झाकला गेला, तर कॅमेरा तिला साधी प्लेट समजणार. मग सिग्नल तोडणार एक आणि पावती जाणार तिसऱ्याच कुणाच्या म्हाताऱ्या आजीला.

मला त्याचा फार राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

"प्लेटला चिखल चिकटू नये म्हणून एखादं कोटिंग नाही का?" डगनं विचारलं. डगनं विचारलं! गेली कित्येक वर्षं मी त्याच्याच खात्यात तीच कोटिंगं टेस्ट करत होते. एकही मिठापुढे टिकलं नव्हतं.

संध्याकाळी मी पेगीला फोन केला. सार्जंटचं सगळं सांगितलं. आणि मनात होतं तेही बोलून टाकलं, की मला मुळातच ती खूण चिखलात नको होती, आमच्यात असं करत नाहीत.

"शनिवारी आमच्या फायर स्टेशनवर ये," ती म्हणाली. "चिखल काय असतो ते दाखवते."

मी गेले. दोन बंब मावतील एवढं गॅरेज, मागे छोटं किचन, कॉफीचा वास. आम्ही बसतोय तोच बंब परत आला. कुणाची तरी गाडी घसरून खड्ड्यात गेली होती, तिला काढून आले होते. बंब वरपासून खालपर्यंत राखाडी. माणसंही तशीच. किचनमध्ये सूप उकळत होतं, त्यांचे हात थंडीनं लाल झालेले. मला वाटलं, आता आत येतील. कुणीच आलं नाही. एकानं गरम पाण्याची नळी सोडली, दुसऱ्यानं ब्रश घेतला, बाकीच्यांनी फडकी. बंब धुवून, पुसून, चाकांच्या आतपर्यंत लख्ख झाला, तेव्हा कुठे ते सूपाकडे वळले.

"दर वेळी?" मी विचारलं.

"दर वेळी. बंब धुतल्याशिवाय कुणी खात नाही." पेगी माझ्या शेजारी उभी होती. "त्या दिवशीही धुतला."

मी तिच्याकडे वळले.

"मला कळवलं, तशी मी धावत इथे आले. आणि बघते तर हे सगळे बंब धुतायत. वर्षा, माझं डोकंच फिरलं. माझा मुलगा मेला आणि यांना गाडी चकचकीत करायची पडलीय! मी ओरडले त्यांच्यावर. नको नको ते बोलले. त्यातला कुणी उलटून बोलला नाही. सगळे रडत होते आणि धूत होते. मग दलाच्या चीफनं माझ्या हातात एक फडकं दिलं. मीही धुतला. टिम जिकडे बसायचा ती बाजू मी धुतली." तिनं बंबाकडे हात केला. "चिखलाचं काय घेऊन बसलीस? चिखल म्हणजे कामावर जाऊन आलेली वस्तू. ती धुवायची असते, एवढंच."

माझे डोळे भरून आले ते मी लपवलं नाही. रुमालही सापडेना. तिनं खिशातून टिश्यू काढून दिला.

बाहेर पडताना पार्किंगमधून चालत होते. या लोकांच्या स्वतःच्या गाड्या तिथे उभ्या होत्या. गाड्या चिखलानं माखलेल्या, पण प्लेट मात्र एकूण एक स्वच्छ. मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मी चिखल न चिकटणारी प्लेट शोधत होते. चिखल पुसणारा माणूस मी कधी हिशोबात धरलाच नव्हता.

सोमवारी सार्जंटला गाठलं.

"फायरफायटर पुसतील, मान्य," तो म्हणाला. "पण ही प्लेट कुणीही घेऊ शकतो. एखादा डेंटिस्ट घेईल. तो पुसणार आहे?"

"माहीत नाही. म्हणून ट्रायल करू. फायरफायटर एकही नको. गावातले साधे लोक. फेब्रुवारीच्या बर्फात तुम्ही तुमचा कॅमेरा घेऊन या. वाचता आली नाही, तर मी स्वतः विरोधात रिपोर्ट लिहीन."

"लिहाल?"

"लिहीन." आणि मी लिहिला असता. तिथवर माझी तयारी झाली होती.

सॅम्पल प्लेट टेस्टसाठी लावायची परवानगी डगनं कुरकुरत दिली. पेगीनं माणसं शोधली. गावाचा डेंटिस्ट, लायब्ररीत नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी, एक शेतकरीण, चर्चचे पाद्री, असे मोजके लोक. मी पेगीला बजावलं, "पुसा म्हणून एकालाही सांगायचं नाही. इशारासुद्धा नाही. नाहीतर टेस्ट फुकट."

"मी त्यांना रोज दुकानात भेटते, वर्षा!"

"तोंडाला कुलूप लाव."

"तू फार दुष्ट बाई आहेस," ती म्हणाली, पण शब्द पाळला. तिला ते किती जड गेलं असेल, हे मी समजू शकते. मुलाची खूण चिखलात चाललीय आणि आईनं शेजारून गप्प जायचं.

फेब्रुवारीत मोठं वादळ होऊन गेलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यांवर मीठ पडलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सार्जंट, मी आणि पेगी गावातल्या ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये पोलिसांच्या गाडीत बसून होतो. पेगी मागच्या सीटवर, आरोपींना बसवतात तिथे, जाळीच्या पलीकडे. "पहिल्यांदाच इथे बसतेय," ती म्हणाली. सार्जंट हसला नाही.

गाड्या येत होत्या. कॅमेरा वाचत होता, म्हणजे वाचायचा प्रयत्न करत होता. साध्या प्लेटांची दशा विचारू नका. निम्म्या तर लिंपून ठेवल्यासारख्या. मग शेतकरणीचा ट्रक आला. ट्रकचा रंगही ओळखू येत नव्हता, पण प्लेट स्वच्छ, पट्टा काळाभोर. पेगीनं मागून जाळी घट्ट धरली. लायब्ररीतली मुलगी आली, तिचीही स्वच्छ. ती तर टिमला ओळखतही नव्हती, गावात नवीन होती.

मग डेंटिस्ट आला. त्याच्या प्लेटवर चिखल होता. त्यानं सामान घेतलं, परत आला, डिकी उघडण्याआधी पिशव्या खाली बर्फात ठेवल्या, हातातला लोकरी मोजा काढला आणि वाकून प्लेट पुसायला लागला. एक पुसून झाल्यावर पुढे जाऊन दुसरी.

सार्जंट गाडीतून उतरला. काच खाली होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"सर, पुसायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

डेंटिस्ट गडबडला. "गुन्हा आहे का?"

"नाही. फक्त विचारतोय."

"सांगायला कशाला पाहिजे? टिमची आहे ना ती. दर हिवाळ्यात माझे टायर तोच बदलायचा."

सार्जंट परत येऊन बसला. मागे पेगी रडत होती, मोठ्यानं, आणि आम्ही दोघांनी तिला रडू दिलं.

इथेच ही गोष्ट संपली असती तर फार छान झालं असतं. पण तेवढ्यात पाद्रीबाबा आले.

त्यांची प्लेट! बाप रे! चिखलाचा थर असा, की वर भाजी उगवावी. पट्टा कुठला आणि हेल्मेट कुठलं. कॅमेऱ्यानं कसाबसा नंबर वाचला आणि प्रकार सांगितला, साधी प्लेट. सार्जंटला जी भीती होती, नेमकी तीच. पाद्रीबाबांनी आम्हाला बघून आनंदानं हात हलवला.

पेगीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "टिमच्या फ्युनरलला हाच माणूस तासभर बोलला होता! मला उतरू द्या. सार्जंट, दार उघडा!" पोलिसांच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही, म्हणून पाद्रीबाबा वाचले.

"मला हे लिहावं लागेल," सार्जंट म्हणाला.

"लिहा," मी म्हणाले. खोटा रिपोर्ट मला पेगीसाठीही नको होता. पण घरी येताना मी स्टिअरिंगवर हात आपटत होते. बाकी सगळे पास आणि एका माणसाच्या आळसानं सगळं बुडणार? मग माझ्या लक्षात आलं, की राज्यात असे पाद्रीबाबा भरपूर असतात. सज्जन असतात, मनानं चांगले असतात, पण पुसत नाहीत. त्यांना शिव्या देऊन प्लेट वाचता येत नाही. मी इंजिनिअर आहे, मला त्यांच्यासाठीही प्लेट बनवायला हवी.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नीट चहा पिऊन मी ड्रॉइंग उघडलं. खालचा पट्टा तसाच ठेवला. फक्त त्याचं डावं टोक वळवून प्लेटच्या कडेनं वर नेलं, भोकाच्या थोडं खाली थांबवलं. खाली कितीही चिखल बसला, तरी कडेची ती काळी रेघ दिसणार, आणि कॅमेऱ्याला प्रकार कळणार. सॅम्पल बनवून मी पाद्रीबाबांच्याच गाडीला लावलं. त्यांनी ती इमानेइतबारे घाण केली. कॅमेऱ्यानं नंबर वाचला, आणि प्रकारही.

सार्जंटनं सही केली. वर एक वाक्य म्हणाला, "मॅडम, पट्टा खालीच ठेवलात ते चांगलं केलंत." त्याच्याकडून हे म्हणजे भाषणच.

रिपोर्ट मार्चच्या आत गेला. कमिटीत पेगी बोलायला उभी राहिली, तेव्हा तिनं टिमबद्दल फार सांगितलं नाही. डेंटिस्टच्या मोज्याबद्दल सांगितलं. बिल पास झालं. पहिली प्लेट तिच्या गाडीला चीफनं लावली, आणि स्क्रू आवळायला तिनं मला बोलावलं. "सांभाळून," ती म्हणाली, "भोकातच मार."

आता मी रिटायर झालेय. नवीन पोरं कधी फोन करतात, सल्ला मागतात. मी एकच सांगते, डिझाइन पाद्रीबाबांसाठी करा. पुसणारे काय, पुसतातच.

तीच प्लेट आमच्याही गाडीला आहे. परवा गॅस स्टेशनवर श्रीकांत टाकी भरत होता आणि मी वाकून मागची प्लेट पुसत होते. तो म्हणाला, "अगं, डिझाइन चिखलातही वाचता येतं ना? तूच केलंयस." मी म्हणाले, "हो, येतं." आणि पुढची पुसायला गेले.